चेंडूचे वळण आणि एक खोटा नियम

गोल्फ शिकवताना एक नियम वर्षानुवर्षे सांगितला जातो. चेंडू स्विंग ज्या दिशेने जातो त्या दिशेने निघतो आणि क्लबचे, म्हणजे मारायच्या काठीचे, तोंड जिकडे असते तिकडे वळून पोचतो, असा तो नियम. म्हणून झाडाला वळसा घालून चेंडू पोचवायचा असेल तर क्लबचे तोंड ध्वजाकडे ठेवा, शरीर आणि स्विंग झाडाच्या बाजूने काढा, बाकीचे चेंडू बघून घेईल. याच्या जोडीला दुसरा सल्ला असतोच: आधी सरळ मारायला शिका, चेंडू मुद्दाम वळवणे हे पुढचे, पोचलेल्या खेळाडूंचे काम. माझे म्हणणे असे की यातला नियम साफ खोटा आहे आणि सल्ला त्या खोटेपणातूनच आला आहे. चुकीच्या नियमाने चेंडू वळवायला गेले की तो ऐकत नाही, आणि तो ऐकत नाही म्हणून ती विद्या अवघड ठरवली जाते. खरे तर वळणाचे ज्ञान ही या खेळाची पहिली पायरी आहे. जो ती चुकवतो, त्याला सरळ मारणेही धड जमत नाही.

हे भिवंडीच्या वाचकांसमोर कशासाठी, असा प्रश्न येईल. यंत्रमागांचे, गोदामांचे आणि मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांचे हे गाव. इथे गोल्फ हा रोजच्या बोलण्यातला विषय नाही. पण ज्या गोष्टीवर हा सगळा वाद उभा आहे, ती इथल्या मुलांना पक्की ठाऊक आहे. काल्हेर, कशेळी, अंजूर, माणकोली, पूर्णा या गावांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर माणसे जीव टाकतात. 2024 साली टेनिस चेंडूच्या क्रिकेटची आयएसपीएल ही लीग सुरू झाली, तिचे पहिले पर्व ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाले. ज्या पट्ट्यात हा खेळ मुरला आहे, त्याच पट्ट्यात ते व्हावे हे योग्यच होते. या क्रिकेटमधल्या कुठल्याही फलंदाजाला विचारा, बॅट समोर सरळ खाली आली पण चेंडू लागताना तिचे तोंड उघडे राहिले, तर चेंडू कुठे जातो? थर्ड मॅनला जातो. बॅट कुठल्या वाटेने आली याची चेंडू फारशी पर्वा करत नाही; लागण्याच्या क्षणी समोरचा पृष्ठभाग कुठे पाहत होता, तिकडे तो निघतो. गल्लीतल्या दहा वर्षांच्या मुलाला कळलेली ही गोष्ट गोल्फच्या शिकवणीने कित्येक दशके नाकारली, आणि काही ठिकाणी आजही नाकारली जाते.

गोल्फचा चेंडू निराळा का वागेल? तो जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाचा आणि कमीत कमी 42.67 मिलिमीटर व्यासाचा असावा लागतो. क्लबशी त्याची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या वेळात चेंडू दबतो, फुगतो आणि सुटतो. त्याला पुढे ढकलणारे मुख्य बल क्लबच्या तोंडाला काटकोनात असते, म्हणून तो बहुतांशी तोंडाच्या दिशेने निघतो. तोंड आणि चेंडू यांच्यातले घर्षण त्याला थोडासा स्विंगच्या वाटेकडे ओढते, आणि तेच घर्षण त्याला फिरकी देते. मोजमापे सांगतात की निघण्याच्या दिशेत क्लबच्या तोंडाचा वाटा आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या क्लबच्या) फटक्यात सुमारे 75 टक्के आणि ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या) फटक्यात सुमारे 85 टक्के असतो; उरलेला वाटा स्विंगच्या मार्गाचा. आणि वळण येते ते या दोन दिशांमधल्या फरकातून. तोंड मार्गाच्या उजवीकडे पाहत असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे पाहत असेल तर डावीकडे. ध्वज कुठे आहे हे चेंडूला माहीत नसते. इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. चेंडूला एक मागची फिरकी आणि एक बाजूची फिरकी अशा दोन वेगळ्या फिरक्या मिळत नाहीत. तो एकाच अक्षाभोवती फिरतो. तोंड आणि मार्ग जुळले नाहीत की तो अक्ष एका बाजूला कलतो, आणि जी फिरकी चेंडूला हवेत वर धरून ठेवत होती, तीच आता त्याला कडेला ओढू लागते.

जुन्या नियमाची परीक्षा आकड्यांनी घेऊ. उजव्या हाताचा खेळाडू, समोर ध्वज, पन्नास मीटरवर आडवे आलेले झाड. त्याला चेंडू झाडाच्या डावीकडून काढून उजवीकडे वळवायचा आहे. शिकवल्याप्रमाणे तो क्लबचे तोंड ध्वजाकडे ठेवतो आणि स्विंग दहा अंश डावीकडे करतो. नियम खरा असता तर झाडाजवळ पोचेपर्यंत चेंडू जवळजवळ पावणेनऊ मीटर डावीकडे गेला असता आणि आरामात निसटला असता. प्रत्यक्षात तोंडाचा वाटा तीन चतुर्थांश असल्याने तो फक्त अडीच अंश डावीकडे निघतो. पन्नास मीटरवर हे अंतर भरते दोन मीटरहून थोडे जास्त, तेही तोपर्यंत वळण सुरूच झाले नाही असे धरून. म्हणजे चेंडू फांद्यांत शिरतो. आणि चुकून पार झालाच, तर जवळजवळ ध्वजाच्याच दिशेने निघालेला तो चेंडू उजवीकडे वळत ध्वजापासून दूर जातो. त्याला सांगायला हवे होते ते असे: तोंडही ध्वजाच्या डावीकडेच हवे, फक्त स्विंगच्या मार्गाइतके डावीकडे नको. मार्ग दहा अंश डावीकडे आणि तोंड पाच अंश डावीकडे असेल, तर चेंडू सहा-सव्वासहा अंश डावीकडे निघतो आणि मग उजवीकडे परत येतो. हा फरक तपशिलाचा नाही. एक सूचना चेंडू झाडात घालते, दुसरी त्याला हिरवळीवर नेते.

हे ज्ञान कालपरवाचे असते तर जुन्या शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे ठरले असते. पण फिरणारा चेंडू वाकडा का जातो, याची नोंद न्यूटनने 1672 सालीच प्रकाशावरच्या आपल्या लिखाणात टेनिसच्या चेंडूचा दाखला देऊन केली होती. एकोणिसाव्या शतकात माग्नुसने त्यावर प्रयोग केले, 1877 मध्ये लॉर्ड रेली यांनी टेनिसच्या चेंडूवर निबंध लिहिला. एडिंबराचे पीटर गथ्री टेट हे भौतिकशास्त्रज्ञ तर गोल्फच्या चेंडूच्याच मागे लागले. त्यांचा मुलगा फ्रेडी याने 1896 आणि 1898 साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. चेंडू इतका लांब हवेत कसा राहतो, याचे उत्तर मागच्या फिरकीत आहे हे टेट यांनी गणिताने दाखवले. इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनी 1910 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतीवर व्याख्यान दिले. फटक्याच्या क्षणी काय होते याचा सविस्तर अभ्यास करून कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी 1968 साली पुस्तक काढले. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंडावर ठरते, हे त्यात आहे. 1990 च्या दशकात नेब्रास्काचे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी तोंडाची दिशा आणि क्लबचा मार्ग यांनी मिळून बनणाऱ्या तिरक्या प्रतलाची भूमिती मांडली. 2003 साली स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीची रडारयंत्रे आली आणि ती भूमिती प्रत्येक फटक्यात पडद्यावर दिसू लागली. पुस्तके होती, मोजमापे होती. शिकवणीने ती वाचली नाहीत.

यावर पहिला आक्षेप विजेत्यांच्या नावाने घेतला जातो. जॅक निकलॉस यांनी 1974 च्या आपल्या पुस्तकात तोंड लक्ष्याकडे आणि स्विंग शरीराच्या रेषेवर हीच रीत सांगितली, आणि अठरा मोठ्या स्पर्धा जिंकलेला माणूस चुकीचे कसे सांगेल, असा तो युक्तिवाद. तो ऐकायला भारदस्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. निकलॉस यांचा चेंडू जसा जायला हवा तसा जात होता याबद्दल वादच नाही. वाद आहे तो क्लबचे तोंड चेंडूला लागताना कुठे होते याचा. पवित्रा घेताना तोंड जिथे ठेवले तिथेच ते फटक्याच्या क्षणी परत येते, असे गृहीत धरायला काहीच आधार नाही. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या क्लबचे तोंड त्या क्षणी नुसत्या डोळ्याने कोणालाच दिसत नाही, खुद्द मारणाऱ्यालाही नाही. हजारो तासांच्या सरावाने त्यांच्या हातांनी तोंड योग्य जागी आणायचे शोधून काढले होते. मनातले वर्णन मात्र पवित्र्याचेच राहिले. मोठ्या खेळाडूची कृती प्रमाण मानावी. त्याने स्वतःच्या कृतीचे केलेले स्पष्टीकरण मात्र इतर कोणत्याही दाव्यासारखे तपासून घ्यावे. आणि तपासल्यावर ते टिकत नसेल तर आदर ठेवून बाजूला सारावे, कारण त्याची किंमत नवशिक्याला मोजावी लागते.

ती किंमत सर्वांत जास्त कुठे पडते ते सांगतो, कारण माझ्या रागाचे खरे कारण तिथे आहे. गोल्फ शिकणाऱ्या बहुतेकांना स्लाईस छळतो: उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वाकत रानात जातो. आता समजा एकाचा चेंडू निघतोच उजवीकडे आणि आणखी उजवीकडे वळतो. जुन्या नियमाचा शिक्षक म्हणतो, चेंडू उजवीकडे निघाला, म्हणजे तुझा स्विंग उजवीकडे जातोय. जरा डावीकडे मार. शिष्य इमानाने तसे करतो. पण त्याचा स्विंग मुळात सरळ असतो. तोंड उघडे राहत असते, म्हणूनच चेंडू उजवीकडे निघालेला असतो. स्विंग डावीकडे नेल्याने तोंड आणि मार्ग यांच्यातले अंतर वाढते, आणि स्लाईस दुप्पट होतो. दुसऱ्याचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वाकतो. त्याला सांगतात, तोंड उघडे आहे, बंद कर. पण चेंडू डावीकडे निघाला याचा अर्थ तोंड आधीच लक्ष्याच्या डावीकडे पाहत होते. ते आणखी बंद केले की चेंडू थेट डावीकडच्या कुंपणाबाहेर. त्याचा दोष मार्गात होता: स्विंग फार डावीकडे कापत येत होता. लांबून पाहणाऱ्याला दोघांचेही फटके सारखेच उजवीकडे वाकलेले दिसतात, पण एकाला तोंड सुधारायचे आहे आणि दुसऱ्याला मार्ग. खोटा नियम नेमकी उलटी औषधे देतो. मग माणूस सहा महिने झटून आणखी वाईट खेळू लागतो आणि समजतो की आपल्या अंगात खेळच नाही. कित्येकांनी याच पायरीवर क्लब खाली ठेवले असतील. त्यांच्या मेहनतीत काही उणे नव्हते. त्यांना मिळालेली माहिती चुकीची होती.

दुसरा आक्षेप जास्त समंजस आहे. कारण काहीही असो, नवशिक्याने आधी सरळ मारावे, वळणाच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणाऱ्यांत चांगले शिक्षकही आहेत. पण सरळ फटका म्हणजे काय याचा विचार करा. तोंड आणि मार्ग यांच्यातला फरक अगदी शून्य, आणि चेंडू क्लबच्या मधोमध. दोन अंशांचा फरक एका बाजूला पडला की वळण, दुसऱ्या बाजूला पडला की उलटे वळण. माणसाच्या हाताला शून्यावर नेम धरायला लावणे म्हणजे सर्वांत कठीण धडा पहिल्या दिवशी देणे. शिवाय सरळ मारू पाहणाऱ्याची चूक दोन्ही बाजूंना जाते, म्हणून त्याला मैदानाची अर्धीच रुंदी वापरता येते. ज्याचा चेंडू नेहमी एकाच बाजूला वळतो, तो फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, एका कडेवर नेम धरतो; वळण कमी पडले तर चेंडू त्या कडेला, जास्त झाले तर दुसऱ्या कडेला, पण दोन्ही वेळा गवत कापलेले. नामवंत खेळाडू बेन होगन तरुणपणी हुकने, म्हणजे डावीकडे जोरात वाकणाऱ्या चेंडूने, हैराण होते. त्यांनी चेंडू उजवीकडे हलकेच वळवायची, म्हणजे फेडची सवय लावून घेतली आणि त्यानंतर त्यांचे मोठे यश आले. ली ट्रेव्हिनोही फेडवरच जगले. वळण काढून टाकण्याच्या नादी न लागता त्यांनी त्याची बाजू ठरवून घेतली. जो मुद्दाम स्लाईस आणि मुद्दाम हुक मारू शकतो, त्याला मधला सरळ रस्ता सापडतो, कारण त्याने दोन्ही टोके हाताने अनुभवलेली असतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. रडारचे यंत्र लाखो रुपयांचे. ते नसेल तर हा सगळा हिशेब सामान्य माणसाच्या काय कामाचा? मला वाटते, नेमक्या याच ठिकाणी खरा नियम गरिबाच्या बाजूने उभा राहतो. चेंडू स्वतःच सगळी मोजमापे सांगतो, आणि फुकट सांगतो. निघाला कुठे, ते तोंडाने सांगितले. वळला कुठे, ते तोंड आणि मार्ग यांच्यातल्या फरकाने सांगितले. पहिल्या दहा-पंधरा मीटरकडे डोळे लावायचे आणि मग शेवटच्या टप्प्याकडे, एवढेच. दोन काठ्या जमिनीवर टाकल्या, एक लक्ष्याच्या दिशेने आणि एक पावलांच्या दिशेने, की प्रयोगशाळा तयार. चेंबूरला 1927 पासून असलेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीत कॅडी मुलांनी लोखंडी सळ्या वाकवून क्लब केले आणि गल्लीबोळांत प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळले. जगभरच्या वार्ताहरांनी त्याची छायाचित्रे काढली. दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या बोळात चेंडू कुठे निघतो याला केवढे महत्त्व असते, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नसेल. खारघरला सिडकोने गोल्फचे मैदान केले, तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येते. भिवंडीहून कोणी तिथे सुट्टीच्या दिवशी गेला, तर त्याच्या वाट्याला सरावाचे थोडेच चेंडू येणार. ज्याच्याकडे सभासदत्व, खासगी शिक्षक आणि वर्षभराचा मोकळा वेळ आहे, तो चुकीच्या नियमाने शिकूनही कधीतरी चाचपडत बरोबर जागी पोचेल. ज्याच्याकडे एकच बादलीभर चेंडू आहेत, त्याला ती चैन परवडत नाही. उदयन माने आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी हे दोघे टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. पुढचा खेळाडू क्लबांच्या कुंपणाबाहेरून यावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी निदान कुंपणाबाहेरच्या मुलाला खोटे शिकवू नये.

खऱ्या नियमालाही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय तो शिकवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चेंडू ड्रायव्हरच्या मध्यावर न लागता टोकाकडे लागला, तर क्लबचे डोके किंचित फिरते आणि चेंडूला उलट्या दिशेची फिरकी मिळते: टोकाकडचा फटका डावीकडे वळू पाहतो, दांड्याकडचा उजवीकडे. ड्रायव्हरच्या तोंडाला बाहेरून गोलाई देतात ती यासाठीच. म्हणून चेंडूचे बोलणे ऐकण्याआधी तो मधोमध लागला की नाही हे पाहावे लागते. तोंडावर खडूची भुकटी लावली तरी ठसा दिसतो. पावसाळ्यात ओले गवत तोंड आणि चेंडू यांच्यामध्ये येते, घर्षण घटते, फिरकी घटते, आणि चेंडू अपेक्षेपेक्षा कमी वळतो. ठाणे जिल्ह्यातल्या चार महिन्यांच्या पावसात ही गोष्ट विसरून चालणार नाही. तोंडाचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, जितका जास्त तितका तोच फरक कमी वळण देतो, कारण मागची फिरकी इतकी मोठी असते की अक्ष फारसा कलत नाही. म्हणून जास्त लॉफ्टचा वेज सरळ जातो आणि कमी लॉफ्टचा ड्रायव्हर छळतो. 2012 च्या मास्टर्स स्पर्धेत प्लेऑफच्या दुसऱ्या होलवर बबा वॉटसनने झाडांतून वेजने सुमारे चाळीस यार्डांचे वळण काढले. डावखुरा असल्याने त्याचा हुक उजवीकडे गेला. चेंडू फांद्यांखालून खालच्या उंचीने निघाला. लॉफ्ट दाबल्याशिवाय वेजला एवढे वळण मिळतच नाही. या अपवादांतला एकही जुन्या नियमाच्या मदतीला येत नाही. उलट तोंड, मार्ग, चेंडू लागण्याची जागा, घर्षण आणि लॉफ्ट या पाच गोष्टी समजल्या की प्रत्येकाचा उलगडा होतो. जुन्या नियमाला यांतल्या एकाचाही उलगडा करता येत नाही.

शेवटचा आक्षेप असा की खेळ हाताने शिकतात, गणिताने नाही. स्विंगच्या दीड सेकंदात कोणी अंश मोजत नाही. मान्य. पण हाताला काय शिकायचे हे प्रत्येक चेंडूनंतर डोके ठरवते, आणि ते डोके चुकीच्या नियमाने भरलेले असेल तर हात चुकीचेच शिकतात. मला गणिताचा तास नको आहे. शिकवणीचा पहिला तास बदलायला हवा. लहान आयर्न घ्यावे, अर्धा स्विंग, चेंडू पन्नास-साठ मीटर जाईल एवढाच. पहिले दहा चेंडू फक्त तोंड बदलून मारावेत, कधी उघडे, कधी बंद, स्विंग तोच. चेंडू कुठे निघतो ते शिष्याने स्वतः मोठ्याने सांगावे. पुढचे दहा चेंडू तोंड लक्ष्याकडे ठेवून स्विंगचा मार्ग डावीउजवीकडे नेत मारावेत. चेंडू जवळजवळ त्याच दिशेने निघतो आणि वळण मात्र पालटते, हे त्याने पाहावे. त्यानंतर मधल्या आयर्नने, चेंडूसमोर दहा पावलांवर एक काठी उभी रोवून, तिच्या डावीकडून काढून उजवीकडे आणि उजवीकडून काढून डावीकडे चेंडू आणायला सांगावे. शिक्षकाने या तासात ग्रिप आणि पाय सोडून काही बोलू नये. टेनिस चेंडूवर वाढलेले काल्हेरचे पोर यात शहरातल्या क्लबच्या पोरापेक्षा मागे पडेल असे मानायला मला एकही कारण दिसत नाही.